इंधननळीचे वय

स्वयंपाकघरातील गॅसची शेगडी आणि सिलिंडर यांना जोडणारी नारिंगी नळी प्रत्येक गृहिणीच्या परिचयाची आहे. तिच्या अंगावर बारीक अक्षरांत काही मजकूर व सालाचा आकडा छापलेला असतो, आणि पाच वर्षांनी ती बदलावी असा गॅसपुरवठा करणाऱ्या कंपन्यांचा दंडक आहे. प्रत्यक्षात मात्र पाचाची सात वर्षे केव्हा होतात, हे घरातील कोणाच्याही ध्यानात राहत नाही. नळी धडधाकट दिसते, गळत नाही, रोजचा स्वयंपाक बिनबोभाट होतो. मग ती बदलावयाची कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. घरामध्ये हा आळस पुष्कळदा निभावून जातो. वास आला तर रेग्युलेटर बंद करता येतो, खिडकी उघडता येते, शेजाऱ्यांना हाक मारता येते. परंतु तशीच एखादी हातभर लांबीची नळी जमिनीपासून हजार मीटर उंचीवर असेल, तिच्यातून पेट्रोल वाहत असेल आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर तापलेले इंजिन धडधडत असेल, तर तेथे उघडावयाला खिडकी नाही आणि हाक मारावयाला शेजारीही नाही.

स्वतःच्या हातांनी लहान विमान बांधणाऱ्या हौशी माणसांची कहाणी अशा नळ्यांशी निगडित आहे. अमेरिकेत 1953 साली पॉल पोबेरेझनी यांनी मिलवॉकी येथे अशा मंडळींची संघटना स्थापन केली. तेव्हापासून जगभर हजारो विमाने घराच्या पडवीत, मोटारीच्या शेडमध्ये आणि परसातील छपराखाली तयार झाली व उडाली. महाराष्ट्रालाही या बाबतीत स्वतःचे उदाहरण आहे. मुंबईच्या कांदिवलीतील चारकोप भागात व्यवसायाने वैमानिक असलेल्या अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. 2016 च्या फेब्रुवारीत मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर 2019 मध्ये उड्डाणचाचणीचा परवाना मिळाला, आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते आकाशात झेपावले.

या सालांकडे नीट पाहिले पाहिजे. प्रदर्शनात विमान उभे राहिल्यापासून ते उडेपर्यंत चार वर्षे गेली. गच्चीवरील बांधणीची वर्षे त्यापूर्वीची. हौशी बांधणीचा हाच स्वभाव आहे. पैसा थोडा, सवड थोडी, परवाने सावकाश. त्यामुळे काम वर्षानुवर्षे चालते. या प्रदीर्घ काळात ॲल्युमिनियमचा पत्रा म्हातारा होत नाही. पोलादी नळकांडे रंग देऊन ठेवले तर तसेच टिकते. न फिरलेल्या इंजिनाला नीट तेल देऊन ठेवले, तर त्याचीही फारशी झीज होत नाही. विमानातील बहुतेक भागांचे वय उड्डाणाच्या तासांनी मोजावयाचे असते. रबराचे तसे नाही. रबर घड्याळाकडे पाहत नाही, ते पंचांगाकडे पाहते. विमान उडो अथवा न उडो, हवेतील प्राणवायू व ओझोन, उष्णता आणि इंधन हे त्याला दिवसेंदिवस कडक व ठिसूळ करीत असतात. त्यामुळे मोठ्या उत्साहाने पहिल्याच वर्षी बसविलेली इंधननळी पहिल्या उड्डाणाच्या दिवशी आपले आयुष्य संपवून बसलेली असू शकते. आणि विमान कोरे करकरीत असल्यामुळे तशी शंकादेखील कोणाच्या मनात येत नाही.

इतक्या लवकर म्हातारी होणारी वस्तू विमानात घालावयाचीच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इंजिनाच्या थरथरीत आहे. टाकी पंखात अथवा धडात पक्की बसविलेली असते, तर इंजिन रबरी गाद्यांवर टांगलेले असून चालू असताना सतत हलते. टाकीपासून इंजिनाच्या मागील आगरोधक पडद्यापर्यंत मऊ ॲल्युमिनियमची नळी उत्तम काम देते. ती हलकी असते व म्हातारी होत नाही. परंतु तीच नळी पुढे थेट इंजिनाला जोडली, तर लक्षावधी सूक्ष्म हेलकाव्यांनी जोडापाशी धातू थकतो व चिरतो. म्हणून स्थिर भाग व हलणारा भाग यांच्यामध्ये लवचीक नळी हवी. तिची लांबी फार नसते, परंतु सारे इंधन तिच्यातूनच जाते.

ही नळी निवडताना पहिला मोह होतो तो मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानाचा. तेथील नळी स्वस्त व हाताशी असते. परंतु मोटारीसाठी केलेल्या नळ्यांतही अनेक प्रती आहेत. कमी दाबासाठी बनविलेली साधी नळी आणि इंधन-अंतःक्षेपणाच्या अधिक दाबासाठी बनविलेली चिवट नळी या दोन्ही काळ्या दिसत असल्या, तरी दोघींत पुष्कळ अंतर असते. अंगावर कोणतेही मानक छापलेले नाही, अशी नळी तर विमानाच्या जवळही आणू नये. दुसरा प्रकार खास विमानांसाठी केलेल्या रबरी नळीचा. तिच्या आत कृत्रिम रबराचे अस्तर, त्यावर सुताची व पोलादी तारांची वीण आणि वर आवरण असते. तिच्या अंगावरील रेषेत आकार, मानक आणि निर्मितीची तिमाही व वर्ष छापलेले असते. तिसरा प्रकार टेफ्लॉनचा. 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना योगायोगाने सापडलेला हा पदार्थ पेट्रोल, इथेनॉल, तेल यांपैकी कशालाही दाद देत नाही व रबरासारखा वयाने वाळत नाही. त्यावर पोलादी तारांची वीण चढविली की उत्तम इंधननळी तयार होते. वाहत्या इंधनाच्या घर्षणाने अस्तरावर वीज साठून त्याला सूक्ष्म भोके पडू नयेत, म्हणून इंधनासाठी कार्बन मिसळलेले, वीज वाहून नेणारे अस्तर निवडावे लागते.

टेफ्लॉनची नळी महाग पडते, आणि तिचा स्वभावही निराळा आहे. इंजिनाच्या उष्णतेत ती ज्या वळणाने राहिली ते वळण ती कायमचे धरते. तपासणीच्या वेळी कोणी ती सरळ करू पाहिली, तर आत चिमटा बसून ती निकामी होते. काढताना जशी होती तशीच ठेवावी व त्याच वळणात पुन्हा बसवावी, हा तिचा नियम.

नळीचा आकार इंचाच्या सोळाव्या भागांत सांगण्याची रीत आहे. सहा क्रमांकाची नळी म्हणजे सहा-सोळांश, अर्थात तीन-अष्टमांश इंच बाह्य व्यासाच्या धातूच्या नळीशी जुळणारी. येथे आणखी एक सापळा आहे. विमानाच्या जोडांचे पसरट तोंड 37 अंशांच्या कोनाचे असते, तर मोटारींत व घरगुती नळकामात 45 अंशांचे तोंड पुष्कळ आढळते. काही आकारांत या दोहोंचे आटे एकमेकांत बसतातही; पाना फिरतो, जोड घट्ट झालासा वाटतो, परंतु आतील पृष्ठभाग पूर्ण टेकलेले नसतात. अशा जोडाने आज गळती दाखविली नाही तरी तो विश्वासास पात्र ठरत नाही.

नळी निवडण्याआधी तिच्यातून काय वाहणार, हे ठरलेले असावे. विमानाचे निळसर रंगाचे शिसेयुक्त पेट्रोल भारताला दीर्घकाळ आयात करावे लागत असे. 2022 मध्ये इंडियन ऑइलच्या गुजरातमधील शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले असे पेट्रोल बाजारात आले. मोटारीच्या पेट्रोलवर चालणारी लहान इंजिनेही पुष्कळ आहेत. परंतु पंपावरचे पेट्रोल आता पूर्वीचे राहिलेले नाही. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण 2022 मध्ये 10 टक्क्यांवर व 2025 मध्ये 20 टक्क्यांवर पोहोचले. रोटॅक्स 912 या लहान विमानांतील लोकप्रिय इंजिनाला 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य आहे. उसाच्या मळीपासून होणारे हे द्रव्य शेतकऱ्याला उपकारक असले, तरी जुन्या जातीच्या रबराला ते फुगवते व मऊ करते. शिवाय ते हवेतील पाणी ओढून घेते. दहा वर्षांपूर्वी ज्या नळीने चोख काम दिले, तीच नळी आजच्या पेट्रोलला पुरी पडेल असे गृहीत धरता येत नाही.

इंधनानंतर विचार करावयाचा तो उष्णतेचा. झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिरगाव हे गाव लागते. राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांचे हे जन्मगाव. बुंदेलखंडाच्या खडकाळ भूमीत, बेतवेच्या परिसरात वसलेले. मराठी माणसाला झाशीचा मुलूख परका नाही, पण तेथील ज्येष्ठातील ऊन कोकणच्या अथवा पुण्याच्या माणसाला सोसणारे नव्हे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्याही वर जातो. अशा दुपारी चिरगावच्या एखाद्या उघड्या माळावर लहान विमान उतरले आहे, अशी कल्पना करावी. हवेतून जाताना इंजिनाभोवती वारा खेळत होता. विमान थांबताच तो वारा थांबतो आणि तापलेल्या इंजिनाची सारी धग वरच्या झाकणाखाली कोंडते. उड्डाणात जी नळी त्यामानाने थंड होती, ती उतरल्यानंतरच्या अर्ध्या तासात सर्वांत जास्त तापते. आतील पेट्रोलची वाफ होते, आणि वाफेचा बुडबुडा द्रवाची वाट अडवून बसतो. वैमानिक पाणी पिऊन परत येतो, इंजिन सुरू होते, विमान धावू लागते, आणि जमीन सोडताच इंजिन आचके देते. नळी फुटलेली नसते, गाळणी तुंबलेली नसते, टाकीत पेट्रोल भरपूर असते. आणि तरीही इंजिनाला इंधन मिळत नाही. मोटारीच्या पेट्रोलची वाफ विमानाच्या पेट्रोलपेक्षा लवकर होते, म्हणून तेथे हा धोका अधिक.

यावरचे उपाय बांधणीच्या वेळीच करावयाचे असतात. नळी एक्झॉस्टपासून शक्य तितकी दूर न्यावी. दूर नेणे शक्य नसेल तेथे मध्ये पत्र्याचा आडोसा घालावा. पंप इंजिनाजवळ वर बसवून त्याने लांबून इंधन ओढावे यापेक्षा, टाकीजवळ खाली बसविलेल्या पंपाने ते पुढे ढकलावे हे बरे. कारण ओढीमुळे दाब कमी होतो व कमी दाबात वाफ लवकर होते. ओढीच्या बाजूचा दुसरा दोष याहून फसवा आहे. तेथील जोड सैल असेल तर पेट्रोलचा थेंब बाहेर पडत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. जमिनीवर डाग नाही, वास नाही, आणि इंजिन मात्र अधूनमधून अडखळते. गळती म्हणजे ओल, ही समजूत अशा वेळी दिशाभूल करते.

इंजिनाच्या बाजूच्या नळीवर आगीपासून रक्षण करणारी बाही चढवितात. काचतंतूंच्या विणीवर सिलिकॉनचा थर देऊन ती तयार केलेली असते. विमानशास्त्राच्या परिभाषेत आगीला दाद न देणारी नळी म्हणजे सुमारे 1100 अंश सेल्सिअसच्या ज्वाळेत 5 मिनिटे टिकणारी नळी. ही 5 मिनिटे वैमानिकाने इंधनाची तोटी बंद करून विमान खाली आणावे यासाठी असतात. मात्र बाहीमुळे आतील नळी दिसेनाशी होते. बाहीची टोके नीट बंद केलेली नसतील तर ती तेल व पेट्रोल स्पंजासारखे शोषून घेते आणि रक्षण करणारी वस्तूच वातीचे काम करू लागते.

नळी बसविण्याची कला साध्या नियमांची आहे. दाब येताच नळी किंचित आखडते, म्हणून दोन जोडांमधील अंतरापेक्षा तिची लांबी पाच ते आठ टक्के अधिक ठेवावी. नळीच्या अंगावरील लांब रेषा सरळ राहिली पाहिजे. ती दोरीच्या पिळासारखी फिरली असेल, तर जोड आवळताना नळीला पीळ बसला आहे व दाबाखाली ती तो उलगडू पाहील. वळण उत्पादकाने सांगितलेल्या त्रिज्येहून लहान नसावे. सुमारे 60 सेंटिमीटरच्या आत आधार असावा आणि नळी कशावरही घासू नये. दोन नळ्या एकमेकींना टेकून असल्या, तरी थरथरीमुळे पोलादी वीण दुसरीला करवतीप्रमाणे कापते.

नळी कोठून न्यावी यात कधी कधी जिवाचा प्रश्न असतो. 12 ऑक्टोबर 1997 रोजी प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचे घरगुती बांधणीचे विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून त्यांचा अंत झाला. विमान त्यांनी नुकतेच विकत घेतले होते. टाकी बदलण्याची तोटी मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पुढे होती. परंतु इंधनाच्या नळ्या वैमानिकाच्या कक्षात येऊ नयेत म्हणून बांधणाऱ्याने ती मागे, डाव्या खांद्यापाठी नेली होती. चौकशीत असे दिसून आले, की त्या तोटीकडे वळण्याच्या प्रयत्नात विमानावरचा ताबा सुटला असावा. बांधणाऱ्याचा हेतू सुरक्षिततेचाच होता. एक धोका टाळताना दुसरा निर्माण होतो तो असा. नळीचा मार्ग कागदावर आखून भागत नाही. पट्टा बांधून आसनावर बसावे, डोळे मिटावेत आणि हात सहज तोटीवर पडतो की नाही, हे पाहावे.

नळी व धातूचे जोड घरीच जुळविले असतील तर आणखी एक परीक्षा आवश्यक आहे. जोड आत दाबताना त्याची धार अस्तराचा पापुद्रा उचलते. हा पापुद्रा आत लोंबत राहतो आणि झडपेसारखा वागतो. इंजिन संथ चालू असताना इंधन त्याच्या बाजूने जाते. पूर्ण शक्ती मागताच जोराचा प्रवाह त्याला आडवे पाडतो व वाट बंद होते. म्हणून जुळविलेली नळी उजेडासमोर धरून आरपार पाहावी, वळणाची असेल तर योग्य मापाची गोळी तिच्यातून घरंगळवून पाहावी, हवेने व द्रवाने धुऊन काढावी, आणि नेहमीच्या दुप्पट दाबाखाली ठेवून तपासावी.

त्यानंतर येते ती प्रवाहाची चाचणी. विमानाचे नाक चढाईच्या सर्वांत कठीण कोनात उचलून ठेवावे, टाकीत थोडेच पेट्रोल असावे, आणि इंजिनाकडील टोक सोडून इंधन मापात धरावे. पंपाच्या रचनेत इंजिनाच्या कमाल गरजेच्या सव्वापट, आणि केवळ गुरुत्वाने वाहणाऱ्या रचनेत दीडपट प्रवाह मिळाला पाहिजे, असा मान्य दंडक आहे. शंभर अश्वशक्तीचे रोटॅक्स 912 इंजिन उड्डाणाच्या क्षणी ताशी सुमारे 27 लिटर पेट्रोल पिते. त्याची सव्वापट म्हणजे ताशी जवळजवळ 34 लिटर. अर्थात एक लिटरचे माप पावणेदोन मिनिटांच्या आत भरले पाहिजे. एक माप, एक घड्याळ आणि अर्धा दिवस एवढ्यावर होणारी ही चाचणी पुष्कळांचे प्राण वाचवू शकते. ती उघड्या जागी, आगीपासून दूर व विमानाला भूमीशी तारेने जोडूनच करावी.

नळी बसली, विमान उडाले, की देखभालीचे पर्व सुरू होते. तपासणीला महाग उपकरणे लागत नाहीत. डोळ्यांनी भेगा, फुगवटे, घासल्याच्या खुणा आणि जोडापाशी निळसर डाग पाहावेत. हाताने नळी हलकेच वाकवून तिचा लवचीकपणा अजमावावा; कडक झालेली रबरी नळी बोटांना लगेच कळते. टाकी रिकामी करून विमान महिनोन्‌महिने ठेवले असेल तर विशेष काळजी घ्यावी, कारण इंधनात भिजलेले रबर कोरडे पडले की आकसते व तडकते. वैमानिकाच्या कक्षात पेट्रोलचा वास येत असेल, तर त्याची सवय होऊ देऊ नये. आणि गाळणीत काळे बारीक कण सापडले, तर गाळणी स्वच्छ करून समाधान मानू नये. ते कण नळीच्या आतून आलेले असण्याचा संभव आहे.

एवढे करूनही रबरी नळीच्या आतील अस्तर कोणालाही पूर्णपणे दिसत नाही. म्हणूनच तारखेचे महत्त्व. इंजिनाजवळील रबरी नळ्या पाच वर्षांनी अथवा इंजिनाच्या संपूर्ण दुरुस्तीच्या वेळी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलाव्यात हा सर्वसामान्य संकेत आहे. इंजिनाच्या उत्पादकाने याहून कडक नियम सांगितला असेल तर तो पाळावा. प्रत्येक नळीला धातूची लहान चकती बांधून तीवर बसविल्याची तारीख कोरावी आणि तीच वहीत लिहावी. नळी विकत घेतानाही निर्मितीची तारीख वाचावी. दुकानाच्या फळीवर चार वर्षे पडून राहिलेली नळी नवी म्हणून विकली जाते, पण नवी नसते. बांधणी लांबत असेल तर सोपी युक्ती अशी, की मापे घेऊन ठेवावीत, मार्ग निश्चित करावा, आणि नळ्या मात्र पहिल्या उड्डाणाच्या अगदी थोडे आधी आणाव्यात.

मोठ्या विमान कंपनीत एक तंत्रज्ञ नळी बसवितो, दुसरा तपासतो, तिसरा कागदावर सही करतो. घरगुती विमानात या तिन्ही जागी बहुधा एकच माणूस उभा असतो, आणि वर चढून बसणाराही तोच असतो. स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूवर माणसाचे प्रेम असते. त्या प्रेमापोटी तिच्यातील दोष त्याला उशिरा दिसतात. अशा वेळी मायेने आंधळी न होणारी एक वस्तू त्याच्यापाशी हवी, आणि ती म्हणजे तारखांची वही. शनिवारी संध्याकाळी हत्यारे पेटीत ठेवण्यापूर्वी त्याने ती उघडावी, पहिल्या पानावरचे साल वाचावे, आणि पाच वर्षे झाली असतील तर चांगली दिसणारी नळी निमूटपणे कापून टाकावी. कापलेली नळी उभी चिरून आत पाहिले, तर पुष्कळदा अस्तरावरील बारीक भेगा तेथेच दिसतात.